मोहोर वर, भिरूड खाली

कोकणात दारात हापूसचं कलम असलं की पौषापासून घरातल्यांच्या माना वरच. मोहोर किती फुटला, तुडतुडे पडले का, भुरी धरली का, एवढीच चौकशी. बुंध्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

रत्नागिरी तालुक्यातल्या एका घरी हे चांगलंच महागात पडलं. परसातल्या जुन्या कलमाची एक फांदी गणपतीनंतर पिवळी पडू लागली. पाऊस सरला, आता पाणी कमी पडत असेल, असं मालकांनी धरलं आणि आळ्यात रोज कळशा ओतायला सुरुवात केली. बुंध्याशी भुशाची रास पडायची, ती मुंग्यांची समजून अंगणाबरोबर झाडली जायची. थंडीत दुसरी फांदी वाळली तेव्हा शेजारच्या बागायतदाराने कोयतीने साल खरवडून दाखवली. आत बोट जाईल एवढं भोक, तोंडाशी ओलसर तांबूस भुसा. तारेचा आकडा आत घालून ओढला, तशी मधल्या बोटाएवढी पांढरट, तपकिरी डोक्याची अळी बाहेर आली. भिरूड!

लांब मिशांच्या एका मोठ्या करड्या भुंग्याची ही अळी. भुंगा पावसाळ्यात रात्री दिव्यावर येतो, मादी खोडाच्या भेगांत अंडी घालते. अळी सालीखालून पोखरत आत शिरते आणि महिनोन् महिने तिथेच राहते. अन्नपाण्याच्या वाटाच तुटल्या, की आळ्यात कितीही कळशा ओता, वरची फांदी वाळणारच.

भुसा दिसला की तो झाडून टाकावा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघावं. ताजा पडला असेल तर अळी आत जिवंत आहे. सायकलच्या तारेचं टोक वाकवून ती ओढून काढायची, हाती लागली नाही तर कीटकनाशकाचा बोळा भोकात सारून तोंड चिखलाने लिंपायचं. औषध कुठलं आणि किती, हे कृषी सहायकाला विचारावं. दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नये. वर मेलेली फांदी जिवंत लाकडापर्यंत कापून टाकायची.

कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावतात: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, तेही प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी भांडं चालत नाही. मिश्रणात कोयतीचं पातं क्षणभर बुडवावं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवावा. हीच पेस्ट पावसाळ्यापूर्वी बुंध्याला हातभर उंचीपर्यंत फासतात.

दुसरा पाहुणा बांडगूळ. फुलटोच्यासारखे इवले पक्षी त्याची चिकट बी फांदीवर सोडून जातात. नुसतं ओरबाडलं तर ते पुन्हा फुटतं, म्हणून जिथे चिकटलंय त्याच्या खालून फांदीच कापावी लागते. हे काम फुलं-फळं धरण्याआधी करावं, नाहीतर पक्षी आहेतच पुढच्या झाडावर बी न्यायला.

शहरात मात्र सगळ्यात मोठा शत्रू कीड नव्हे, पेव्हर ब्लॉक. अंगण नीटनेटकं दिसावं म्हणून बुंध्यापर्यंत कोबा केला की मुळांना ना पाणी मिळतं ना हवा. निदान मीटरभर जागा चहूबाजूंनी मोकळी ठेवावी. गुलमोहराच्या मुळाशी लाकडासारखी कडक अळंबी उगवली असेल, तर आतलं लाकूड कुजलंय असं समजून पावसाआधीच जाणकाराला दाखवावं. अशी झाडं वरून हिरवीगार असतानाच कोसळतात.

कुऱ्हाड मात्र परस्पर चालवू नये. महाराष्ट्रातल्या शहरांना 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि मोठी फांदी उतरवायची असली तरी आधी पालिकेच्या उद्यान विभागात फोटोसह अर्ज टाकलेला बरा.