कमी पळालेली गाडी नव्यासारखी असते का?

प्रश्न : आम्ही साताऱ्यात राहतो. गेल्या महिन्यात पुण्याहून २०१७ सालची पेट्रोल हॅचबॅक घेतली. एका निवृत्त गृहस्थांची, पहिल्यापासून एकाच मालकाची, आणि मीटरवर फक्त ३१,००० किलोमीटर. आमचे मेव्हणे म्हणतात, "गाडी नव्यासारखी आहे, उगाच हात लावू नका." गॅरेजवाला मात्र इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट आणि चारही टायर बदला म्हणतो. गाडी तर छान चालते आहे. इतकी कमी पळालेली असताना हा खर्च खरंच लागतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : लागतो. टायरचा निर्णय मात्र तुम्ही स्वतः पाहून घ्या. कसं पाहायचं ते पुढे सांगतो.

गाडीसोबत आलेलं ओनर्स मॅन्युअल काढा आणि त्यातलं देखभालीचं कोष्टक बघा. बहुतेक कामांपुढे दोन आकडे दिसतील, एक किलोमीटरचा आणि एक महिन्यांचा. सोबत सूचना असते : जे आधी येईल ते. आपण किलोमीटर लक्षात ठेवतो आणि महिने विसरतो. रोज पन्नास किलोमीटर पळणाऱ्या गाडीत त्याने बिघडत नाही, कारण तिथे किलोमीटरच आधी भरतात. तुमच्या गाडीत महिने कधीच भरून गेले आहेत. लोखंड वापराने झिजतं; रबर, तेल आणि बॅटरी नुसत्या काळानेही म्हातारी होतात.

इंजिन ऑइलपासून सुरुवात करू. घर ते मंडई आणि परत, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. पेट्रोल जळताना तयार झालेली वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. गाडी तासभर हायवेला पळाली तर ते उडून जातं, नाही तर तिथेच साचतं आणि ऑइलमध्ये आम्ल व गाळ धरतो. म्हणूनच बऱ्याच गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मर्यादा घातलेली असते, आणि सतत छोट्या फेऱ्या असतील तर त्याही आधी बदलायला सांगतात. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ, लोण्यासारखा थर दिसला तर तो छोट्या फेऱ्यांच्या वाफेचा असू शकतो. पण डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या आणि लगेच दाखवा.

ब्रेक ऑइलची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तुम्ही घाटाच्या गावात राहता. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. बंद गाडीतही हे चालूच राहतं. ताज्या डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा असं प्रमाण आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तो १५५ अंशांपर्यंत येऊ शकतो. आता कास पठारावरून यवतेश्वरचा घाट उतरतानाची कल्पना करा. चार माणसं, सामान, आणि पाय सतत ब्रेकवर. डिस्क तापते, ती उष्णता कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत पोचते आणि ओलसर ऑइलला उकळी फुटते. द्रव दाबला तर दाब पुढे चाकापर्यंत जातो. वाफ दाबली तर ती नुसतीच आकसते. पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. सपाट रस्त्यावर हाच ब्रेक उत्तम लागतो, म्हणून "गाडी छान चालते आहे" या वाक्यावर इथे विसंबता येत नाही. ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलतात. शेवटचं कधी बदललं याची पावती नसेल तर आठवड्याच्या आत बदलून घ्या, सोबत पॅड, मागचे लायनर आणि रबरी होज पाहायला सांगा. शिवाय घाट ज्या गिअरमध्ये चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायची सवय ठेवा.

कूलंट बघायचं ते इंजिन गार असताना, सकाळी. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर उडतं. कूलंटचा रंग मूळचा हिरवा, लाल किंवा निळा काहीही असो, तो स्वच्छ असला पाहिजे. विटकरी, गढूळ पाणी दिसलं तर कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओतत आलं आहे असं समजा. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात आणि गंज आतून खात राहतो. सगळं काढून, धुऊन, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कूलंट भरा.

गॅरेजवाल्याने एक गोष्ट सांगितली नाही, ती तुम्ही विचारा : इंजिनात टायमिंग चेन आहे की टायमिंग बेल्ट? मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत चेन असते. जुनी ८००, ७९६ सीसीची आल्टो, सँट्रो झिंग यांत बेल्ट. बेल्ट रबराचा असल्याने त्यालाही किलोमीटर आणि वर्षं अशी दुहेरी मुदत असते. तो चालत्या गाडीत तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. बेल्ट असेल आणि बदलल्याची नोंद नसेल तर तो खर्च पुढे ढकलू नका.

आता टायर. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ३४१७ म्हणजे २०१७ चा चौतिसावा आठवडा. काही टायरांवर हे आकडे आतल्या बाजूला असतात, तेव्हा गाडीखाली टॉर्च घेऊन बघावं लागतं. चारही चाकं आणि डिकीतली स्टेपनी तपासा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या वर असणं ही कायद्याची किमान अट झाली. पण तुमच्या टायरवर नक्षी भरपूर दिसेल आणि तरी रबर कडक झालेलं असेल. कडक रबर ओल्या डांबराला धरत नाही. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावेत आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी काढावेत, असा टायर कंपन्यांचा सल्ला असतो. बाजूवर बारीक भेगा दिसत असतील तर दहा वर्षांची वाट पाहू नका. तुमचे टायर गाडीइतकेच जुने निघाले, तर साताऱ्याच्या पावसात त्यांच्यावर घरच्या माणसांना बसवू नका.

प्रश्न : मीटरवरचा आकडा खरा आहे हे कसं ओळखायचं? आणि पुरातली किंवा ठोकलेली गाडी तर गळ्यात पडली नाही ना?

उत्तर : टायरच्या त्याच चार आकड्यांचा इथेही उपयोग होतो. समजा टायरवर ०८२१ आहे, म्हणजे २०२१ चा आठवा आठवडा. मग २०१७ चे मूळ टायर पहिल्या चार-पाच वर्षांत बदलले. टायरचा संच सहसा चाळीस हजारांच्या आसपास जातो. गाडी आज ३१,००० वर असेल तर ते टायर इतक्या लवकर का गेले? कारण रास्त असू शकतं, एखादा टायर कापला गेला असेल. पण प्रश्न विचारायलाच हवा. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग हाताच्या जागी चकचकीत, ड्रायव्हरच्या सीटची कड दबलेली, असं सगळं ३१,००० मध्ये होत नाही. गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर सांगून जुन्या नोंदी मागा. तारखेनुसार किलोमीटर वाढत गेलेले दिसले पाहिजेत.

२०१९ आणि २०२१ चे पूर आपल्या भागाने पाहिले आहेत : कोल्हापूर, सांगली, चिपळूण. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून, अत्तर मारून पुन्हा बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारा माणूस दिसणारा पट्टा धुतो. आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर भागावर मातीचा डाग किंवा पाण्याची रेघ राहून जाते. मग सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट, कार्पेटखालचा पत्रा आणि स्टेपनीचा खड्डा बघा. गंज आणि बारीक गाळ तिथे सापडतो. ठोकलेली गाडी ओळखायला बॉनेट उघडून मडगार्डच्या बोल्टवर रंग उडाल्याच्या खुणा आहेत का, आणि दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, ते पाहा.

चावी चालू करा, पण इंजिन सुरू करू नका. डॅशबोर्डवर इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत, आणि मग आपापल्या वेळी विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल तर तो बिघाड लपवण्यासाठी बंद केलेला असू शकतो. स्कॅनर लावून साठलेले एरर कोड वाचून घ्या. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीचा एअर फिल्टरचा डबाही उघडा. उंदरांनी आणलेली टरफलं आणि चिंध्या तिथे सापडल्या तर जवळच्या वायरी कुरतडल्या आहेत का ते बघा.

कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून गाडीवर एखादा रिकॉल बाकी आहे का तेही पाहा. रिकॉलचं काम फुकट होतं, मालक कितवा याने फरक पडत नाही. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे. भारतात होंडाच्या सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड अशा जुन्या गाड्यांचे एअरबॅग यासाठी बदलून देण्यात आले. तुमची गाडी त्यानंतरची आहे, पण ओळखीत कुणाकडे तशी जुनी गाडी असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

प्रश्न : आरसी अजून जुन्या मालकांच्या नावावर आहे. विमा चालू आहे. घाई आहे का?

उत्तर : आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्रही. अपघात झाला तर कायदा नोंदीतल्या मालकाला धरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे तुमचा उशीर त्या सज्जन गृहस्थांच्या डोक्यावर बसतो.

विमाही स्वतःच्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टी संरक्षण विक्रीबरोबर तुमच्याकडे आलं असं कायदा मानतो, पण बदलासाठी १४ दिवसांत अर्ज करायला सांगतो. तो केला नाही तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागेल. बाकी ई-चलान, पीयूसी आणि नव्या प्रकारची नंबर प्लेट हेही याच फेरीत उरकून घ्या.

प्रश्न : आमचाही वापर कमीच होणार आहे. मग पुढे गाडी कशी सांभाळायची?

उत्तर : आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा-पाऊण तास हायवेला चालवा. इंजिन पुरतं तापतं, ऑइलमधली वाफ उडते, बॅटरीही भरते. जागेवर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याने यातलं काहीच नीट होत नाही. टायरची हवा दर पंधरवड्याला गार टायरवर भरा, दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, आणि स्टेपनी विसरू नका.

पहिले दोन महिने रात्री गाडीखाली पुठ्ठा घाला. सकाळी त्यावर साधं पाणी दिसलं तर ते एसीचं, काळजी नको. काळपट चिकट थेंब इंजिन ऑइलचा, रंगीत पाणी कूलंटचं. चाकाच्या आतल्या बाजूने ओल दिसली तर ब्रेक ऑइलची शंका घ्या आणि गाडी न हलवता मेकॅनिकला बोलवा. पेट्रोलचा वास आला तर तोही अंगावर काढू नका. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सोसतील अशा मालाच्या बनतात. तुमची त्याआधीची आहे, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप दर सर्व्हिसिंगला बघायला सांगा.

पैसे एकदम काढणं जमत नसेल तर क्रम असा ठेवा : आधी ब्रेक आणि टायर, कारण त्यावर माणसं अवलंबून आहेत. मग टायमिंग बेल्ट, कूलंट आणि ऑइल, कारण त्यावर इंजिन अवलंबून आहे. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम आणि पॉलिश सगळ्यात शेवटी. प्रत्येक कामाची पावती एका फाइलीत लावा आणि तिच्यावर तारीख व किलोमीटर दोन्ही लिहा. पुढचं सर्व्हिसिंग या दोन्हींतलं जे आधी भरेल त्यानुसार करा. तुमच्यासारख्या कमी वापराच्या गाडीत ती बहुतेक वेळा तारीखच असेल, तेव्हा ती मे महिन्यात येईल अशा बेताने ठरवा. पावसाळ्याच्या तोंडावर ब्रेक, टायर, वायपर आणि दिवे तपासलेले असले की कासला जाताना मन निश्चिंत राहतं.