बैल काय तुमच्या मालकीचा आहे का?

लोगोसाठी सिंह मागायला आलेला मालक बहुतेक वेळा स्वतःचंच चित्र काढून मागत असतो. माल काय आहे, तो घेणारं कोण आहे, दुकानाच्या फळीवर तो कशाशेजारी बसणार आहे, यातलं काही त्याच्या डोक्यात नसतं. डोक्यात असतो तो स्वतःचा रुबाब. हे मी पूर्वीपासून सांगत आले आहे. तेलवाल्या शेठचं काम केल्यावर मात्र लिहूनच टाकावं असं वाटायला लागलं. शेठचं नाव देत नाही. ओळखणारे ओळखतील.

माल म्हणजे लाकडी घाण्याचं तेल. शेंगदाणा, करडई, थोडं तीळ. तेल चांगलं होतं, ते मी आजही नाकारणार नाही. पहिल्याच बैठकीत शेठ म्हणाले, "मॅडम, सिंह पाहिजे. गर्जना करणारा. मागे सूर्य." तेलाचा आणि सिंहाचा संबंध काय, असं विचारलं तर म्हणाले, "संबंध कशाला लागतो? सिंह तो सिंह." पुढच्या वेळी त्यांना कुणीतरी अशोकस्तंभ सुचवलेला. तीन तोंडांचा सिंह घ्या, जरा भारदस्त दिसेल. राजमुद्रेसारखं काही धंद्यासाठी वापरायला 2005 च्या कायद्याने बंदी आहे, हे मी समजावून सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट दिसलं की बाई काम टाळतेय असंच त्यांना वाटतंय.

मग मी त्यांना रिझर्व्ह बँकेची गोष्ट सांगितली. बँकेच्या मुद्रेवर वाघ आणि ताडाचं झाड आहे. ही कल्पना ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवरून घेतलेली, आणि त्या मोहरेवर सिंह होता. बँक सुरू करताना सिंह काढून वाघ घेतला, कारण या देशाला वाघ जास्त शोभतो असं ठरलं. पुढची गंमत अशी की पहिल्यांदा काढलेला वाघ कुत्र्यासारखा दिसायला लागला. डेप्युटी गव्हर्नर जेम्स टेलर यांना धास्ती पडली की लोक हसतील. त्यांनी कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअरच्या फाटकावरच्या वाघाच्या पुतळ्याचे फोटो काढून घेतले आणि चित्र सुधारून घेतलं. सांगायचा मुद्दा इतकाच होता की प्राणी विचार करून निवडायचा आणि नीट बघून काढायचा. शेठ म्हणाले, "ते सरकारी काम हो."

बैल मी सुचवला. हे ठळक लिहून ठेवते, कारण पुढे त्यावरच वाद झाला. घाणा म्हटलं की बैल आलाच. आता घाणे मोटरवर फिरतात, पण संथ गतीने, तेल न तापवता काढलेलं, हे सगळं एका बैलात सांगता येतं. शिवाय दुकानात जाऊन 'बैल छाप द्या' असं म्हणता येतं. आपल्याकडे माकड छाप दंतमंजन आणि गाय छाप जर्दा नुसत्या चित्रावर घरोघर पोचले. गिऱ्हाइकाला तोंडाने मागता येत नसेल, तर त्या प्राण्याचा काही उपयोग नाही. वाघ बकरी चहाचंच बघा. दोघं एका कपातून चहा पितात, म्हणजे मोठा आणि लहान एका पातळीवर. ते चित्र समजावून सांगायला माणूस लागत नाही.

शेठना बैल आवडला नाही. घाण्याचा बैल म्हणजे नुसता राबणारा, लोक चेष्टा करतील, असं त्यांचं म्हणणं. या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून तर मी जू आणि घाणा दोन्ही काढून टाकले आणि मोकळा उभा खिल्लार घेतला. तो मी माहितीजालावरून उचलला नाही. आटपाडीला जाऊन, दावणीला उभा असलेला बैल समोर बसून रेखाटला. तयार चित्रांच्या साठ्यात मिळणारा 'बुल' हा शिंगं आडवी पसरलेला अमेरिकन असतो, नाहीतर लोंबत्या कानांचा, 'ब्राह्मन' नावाच्या वाणाचा. खिल्लाराची शिंगं बुडाशी जवळजवळ असतात, मागे झुकतात आणि मग वर चढतात. तोंड निमुळतं, वशिंड ताठ. मधल्या काळात बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा शेठना एकदम शर्यतीचा बैल हवा झाला, नाकातून धूर सोडणारा. तेल पाहून कुणाच्या नाकातून धूर निघावा असं मला वाटत नव्हतं, ते मी तसं बोलूनही दाखवलं.

अखेर त्यांनी माझा बैल "घरी दाखवतो" म्हणून नेला. त्यानंतर फोन बंद. उरलेले पैसे मागितले की मीटिंगमध्ये, गावाला, लग्नात. काम चालू होतं तोपर्यंत मी मॅडम होते, पैसे मागायला लागल्यावर ताई झाले. मग निरोप आला की डिझाइन पसंत नाही, विषय संपला.

त्यानंतर एकदा मिरजेतल्या एका किराणा दुकानात गूळ घ्यायला थांबले होते. काउंटरच्या मागे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे रचलेले. त्यांच्यावर बैल. डोक्यावर सोनेरी मुकुट, मागे सूर्य, तोंड डावीकडे. आधी मनात आलं, काय भयाण काम केलंय कुणीतरी. मग नजर कानावर गेली. आटपाडीच्या त्या बैलाचा उजवा कान टोकाला फाटलेला होता, वासरू असताना काटेरी तारेत अडकून. काळ्या ठोस आकारात कान आणि शिंग एकमेकांत मिसळत होते, तेव्हा मी तीच फाट पांढऱ्या त्रिकोणासारखी मोकळी सोडली होती आणि दोन्ही वेगळे झाले होते. चित्रातली माझ्या सगळ्यात आवडीची जागा ती. डब्यावरच्या बैलाच्या कानाला तोच त्रिकोण होता. फक्त चित्र उलटं केल्यामुळे फाट डाव्या कानावर गेलेली. गुळाचे पैसे देताना दुकानदार काय बोलला ते मला ऐकूच आलं नाही.

तिथूनच फोन लावला. दुसऱ्या नंबरवरून लावल्यामुळे उचलला गेला.

"शेठ, डब्यावरचा बैल माझा आहे."

"तुमचा कसा? बैल काय तुमच्या मालकीचा आहे का? आमच्या गोठ्यात दोन आहेत."

"कान बघा त्याचा."

"कान सगळ्याच बैलांना असतात, ताई. आणि तुमच्याचं तोंड उजवीकडे होतं. आमचं डावीकडे आहे."

तोंड फिरवलं की चित्र वेगळं होतं, हा समज आपल्या धंद्यात फार पसरलेला आहे. लाकोस्टची मगर उजवीकडे बघते आणि सिंगापूरच्या क्रोकोडाइलची डावीकडे. त्या दोन मगरींवरून कितीतरी देशांत वर्षानुवर्षं कज्जे चालले. आपल्याकडेही 2024 साली दिल्ली उच्च न्यायालयात ट्रेडमार्कचा निकाल लाकोस्टच्या बाजूने गेला. आता बैल ही कल्पना कुणाच्याच मालकीची नसते, हे शेठचं बरोबर. पण मी काढलेली ही रेघ माझी आहे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या माणसाने हक्क दुसऱ्याला द्यायचे, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते लेखी आणि सही करून द्यावे लागतात. मी एका ओळीवरही सही केलेली नव्हती.

वकिलांचं पत्र गेलं. उत्तर आलं की लोगो पुतण्याने कोरलमध्ये बसून केला. आणि त्यानंतर आलेल्या डब्यांवर कानातला त्रिकोण काळा भरून टाकलेला! चोरी केली नव्हती तर कान बुजवायचं कारण काय? आता कान आणि शिंग एक झालेत, आणि रस्त्यापलीकडून बघितलं तर बैलाला तीन शिंगं दिसतात. बघून मला समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता या वाटेने जाणाऱ्यांसाठी. मालकाला "कुठला प्राणी आवडतो" असं कधीही विचारू नका, उत्तर सिंह, वाघ किंवा गरुड हेच येतं. तुमचा माल नेमकं काय करतो, ते क्रियापदात सांगा म्हणावं. धरतो, राखतो, पळतो, मुरवतो. प्राणी त्यातून निघतो. फ्रान्सच्या पेजोचा सिंह मुळात करवतीच्या पात्यांसाठी होता, दातांची ताकद दाखवायला. मोटारी नंतर आल्या.

आपल्या माणसांना तो प्राणी कसा वाटतो, हेही बघा. इंग्रजी पुस्तकांतलं शहाणं घुबड क्लासच्या पाटीवर लावाल तर निम्मे पालक जिना चढणार नाहीत, लक्ष्मीचं वाहन असलं तरी. डरकाळी फोडणारा वाघ महाराष्ट्रात काढलात तर लोक आधी पक्ष विचारतील.

प्राणी प्रत्यक्ष बघा. पेंग्विन पुस्तकांचा पेंग्विन काढायला 1935 मध्ये एडवर्ड यंग लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला होता. आपल्याला आटपाडीला जायला काय हरकत आहे? आणि आधी एका रंगात काढा. डब्ल्यूडब्ल्यूएफने 1961 मध्ये पांडा घेतला त्यात काळ्या-पांढऱ्या छपाईचा खर्च वाचणं हाही हिशेब होता. रबरी शिक्का, बिलाचं यंत्र आणि व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी या तिन्हींवर टिकला तरच सोनेरी रंगाला हात लावा.

तयार साठ्यातलं चित्र लोगोत घालू नका. त्या साठ्यांचे परवाने ट्रेडमार्कसाठी बहुधा चालत नाहीत, आणि तोच सिंह उद्या शेजारच्या जिममध्ये दिसतो. नोंदणीआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्या. खाद्यतेल वर्ग 29 मध्ये येतं. नुसतं नाव शोधून भागत नाही, चित्रं व्हिएन्ना संकेतांकाने शोधता येतात आणि प्राण्यांचा विभाग 3 आहे. बैलांची गर्दी किती आहे ते बघून थक्क व्हाल.

बाकी नेहमीचंच. आगाऊ रक्कम घ्या, बोलणं लेखी ठेवा, ओळखीचा माणूस आहे म्हणून सूट देऊ नका. कच्ची रेखाटनं तारखेसकट जपा, माझ्या वकिलांनी सगळ्यात आधी तीच मागितली. ओपन फाइल शेवटचा रुपया जमा झाल्याशिवाय देऊ नका, आणि नुसता नमुना पाठवायचा असेल तर तोही मुद्दाम लहान, अंधुक आणि आडवी पट्टी मारून पाठवा. मी पट्टी मारली होती. ती नेमकी बैलाच्या पोटावरून गेली होती, आणि पुतण्याने पोट नव्याने काढलंय. म्हणूनच डब्यावरचा बैल गाभण दिसतो.