विंचवाचे विष आणि डॉ. बावस्कर यांचे संशोधन

शरीरशास्त्राचा आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्याचा संबंध काय, असे हा लेख पाहून कोणी विचारील. परंतु ज्या विंचवाला संत एकनाथांनी भारुडात आणले, तो आमच्या ओझरला आजही दगडी बांधात, गोवऱ्यांच्या ढिगात आणि कांद्याच्या बराखीत भेटतो. त्याच्या दंशाने शरीरात काय घडते हे जाणून घेणे म्हणूनच आपल्याही अभ्यासाचा भाग ठरते.

नाथांनी काम-क्रोधांना विंचवाची उपमा दिली. त्या रूपकात दंशानंतर अंगाला सुटणाऱ्या घामाचा उल्लेख आहे. पुढे सुमारे चारशे वर्षांनी याच घामाला वैद्यकशास्त्रात महत्त्व आले, ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या निरीक्षणामुळे.

डॉ. बावस्करांचा जन्म १९५१ साली जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात झाला. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात त्या वेळी लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. यावर खात्रीचा उपाय पुस्तकात नव्हता. डॉक्टरांनी रुग्णाच्या खाटेशी बसून त्याची नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. हाताशी मोठी प्रयोगशाळा नसताना केलेले हे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. उलटी, भरपूर घाम आणि थंड पडलेले हातपाय ही हृदयावर येऊ घातलेल्या संकटाची पूर्वसूचना असते, हे त्यांनी त्यातून दाखवून दिले.

आता शरीराच्या आत काय घडते ते पाहू. आपल्या मज्जापेशींच्या आवरणात सोडियमच्या कणांना आत घेणारी सूक्ष्म कवाडे असतात. ती क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. त्यातूनच संदेश पुढे जातो. लाल विंचवाचे विष ही कवाडे वेळेवर मिटू देत नाही. परिणामी मज्जातंतू थांबायचे विसरतात आणि ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन ही द्रव्ये रक्तात लोटू लागतात. भय वाटले असता हीच द्रव्ये थोड्या प्रमाणात सुटतात. येथे मात्र त्यांचा पूर येतो.

रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायूपेशी असतात आणि त्यांच्यावर ही द्रव्ये ओळखणारे ‘अल्फा ग्राहक’ असतात. त्यांना संदेश मिळाला की स्नायू आवळतात व वाहिनी अरुंद होते. शेतात पाणी देताना मोटार चालू ठेवून पाइपाचे तोंड अंगठ्याने दाबून पाहावे, म्हणजे हृदयाचे काय हाल होत असतील याची कल्पना येईल. रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, हृदय थकते. मागे तुंबलेल्या रक्तातील पाणी फुप्फुसांत पाझरते आणि रुग्णाला श्वास घेता येईनासा होतो. मृत्यू येतो तो असा.

रोगाचे मूळ आवळलेल्या रक्तवाहिन्यांत आहे, हे उमगल्यावर उपायाची दिशा सापडली. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एम. डी. होऊन डॉ. बावस्कर पुन्हा महाडला आले होते. प्राझोसिन नावाची, उच्च रक्तदाबावर दिली जाणारी एक स्वस्त गोळी अल्फा ग्राहकांनाच अडवते. ती त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांना देण्यास आरंभ केला. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी याविषयी लिहिलेला वृत्तांत १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्राझोसिनपूर्व काळात गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. हे प्रमाण पुढे एक टक्क्याच्या आसपास खाली आले.

मात्र ही गोळी विषाचा परिणाम रोखते, विष नाहीसे करीत नाही. ते काम प्रतिकारशक्तीचे आहे. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा क्रमाक्रमाने टोचल्या की त्याच्या रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी त्या विषाला धरून ठेवणारी प्रतिपिंडे तयार करतात. त्या घोड्याच्या रक्तातून शुद्ध केलेली प्रतिपिंडे म्हणजेच प्रतिविष लस. ही उसनी प्रतिकारशक्ती होय. ती काही काळ टिकते व नाहीशी होते. म्हणून एकदा बरा झालेला माणूस पुढच्या दंशापासून सुरक्षित राहत नाही.

ही लस आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास काय होते, याची तुलना बावस्कर दांपत्याने केली. त्यांचा लेख २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी तेवढ्या वेळात ८ जण. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

या सर्वांतून आमच्या गावाने काय घ्यावे? आपल्याकडे भीती असते ती मोठ्या काळ्या इंगळीची. पण जिवावर बेततो तो बारीक नांग्यांचा लाल विंचू. दुसरे, ठणका हे आपण धोक्याचे माप समजतो. ज्याला असह्य ठणका आहे पण बाकी काही नाही, तो बहुधा वाचतो. ज्याचा ठणका कमी पण अंग घामाने भिजलेले, त्याची चिंता अधिक. म्हणूनच मंत्राने ‘विंचू उतरला’ असे वाटते तेव्हा फसगत होऊ शकते. ठणका शांत झाला म्हणून मांडवात पुन्हा खेळायला सोडलेल्या पोराचे हातपाय गार पडू लागले असतील, तर जुन्नर-नारायणगावच्या दवाखान्याची वाट तत्काळ धरली पाहिजे. तेथे जाईपर्यंतचा प्रत्येक तास मोलाचा असतो.

आणि विद्यार्थी म्हणून मला आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. घाम सर्वांनाच दिसत होता. ग्रंथांतही तो होता. एका माणसाने तो कधी सुटला, किती सुटला आणि त्यानंतर काय झाले, हे लिहून ठेवले. नोंद करण्याची ही सवय आपण कलाशाखेतही लावून घेऊ शकतो.