खेळाडूचे संयमन आणि ख्रिस्ती मनुष्याची धाव

शास्त्रपाठ : १ करिंथ ९ : १९–२७
पूरक वाचन : २ तीमथ्य २ : १–७, फिलिप्पै ३ : १२–१४, इब्री १२ : १–३
पाठाचा हेतू : खेळाडूच्या कष्टांवरून पौल आपल्याला नेमके काय शिकवू पाहतो हे समजून घेणे, आणि यश व अपयश या दोहोंकडे ख्रिस्ती दृष्टीने पाहण्यास मुलांना मदत करणे.



आपल्या शब्बाथशाळेतील मुलांना इस्राएलाच्या राजांची नावे क्रमाने सांगता येत नाहीत. परंतु कोणत्या फलंदाजाने कोठे किती धावा काढल्या हे ती झोपेतही सांगतील. पुष्कळ शिक्षकांना याचे वाईट वाटते. आम्हांला वाटते, वाईट वाटून घेण्यापेक्षा याचा उपयोग करून घ्यावा. पौलाने तेच केले. करिंथच्या लोकांना ज्याची आवड होती तेथूनच त्याने बोलावयास आरंभ केला.

१. करिंथ आणि तेथील खेळ

करिंथ नगराच्या जवळच, दोन समुद्रांमधील जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर, दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत. ग्रीसमधील चार मोठ्या क्रीडोत्सवांपैकी हा एक. पौल करिंथात दीड वर्ष राहिला (प्रे. कृ. १८ : ११). त्या काळात हे खेळ त्याच्या कानांवर आले नसतील असे संभवत नाही. धावण्याची शर्यत, कुस्ती, हाताला चामड्याच्या पट्ट्या गुंडाळून केलेले मुष्टियुद्ध, हे सारे तेथे होत असे. जिंकणाऱ्याच्या मस्तकावर पानांचा मुगूट ठेवीत. कधी तो पाइन वृक्षाच्या डहाळीचा असे, तर कधी सुकलेल्या रानटी सेलरीचा. चार दिवसांत त्याचा चुरा व्हावयाचा!

असे असूनही खेळाडू केवळ पानांसाठी धावत होते असे नव्हे. विजेत्याला त्याच्या नगराकडून मोठा मान मिळे. अथेन्समध्ये सोलोनाच्या कायद्याने ऑलिंपिकच्या विजेत्यास पाचशे द्राख्मा आणि इस्थमियाच्या विजेत्यास शंभर द्राख्मा ठरवून दिले होते, असे प्लूटार्क लिहितो. म्हणजे खेळावर पोट भरणे ही आजची गोष्ट नाही. त्यासाठी किंमतही मोजावी लागे. ऑलिंपियात उतरणाऱ्यांना, आपण दहा महिने नियमाने सराव केला आहे, अशी शपथ घ्यावी लागत असे. खाणेपिणे, झोप, करमणूक, सारे काही त्या एका दिवसाच्या धोरणाने चाले. पौलाच्या डोळ्यांपुढे हे चित्र आहे. खेळाडू सर्व गोष्टींत स्वतःला आवरतो असे तो म्हणतो, ते यामुळेच.

२. सांगलीचा एक मुलगा

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबात, एका शाळाशिक्षकाच्या घरी झाला. घरात भावंडे पुष्कळ, श्रीमंती नव्हती. पुढे ते बडोद्याचे झाले आणि १८ डिसेंबर २००४ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. आज देशातील एका मोठ्या एकदिवसीय स्पर्धेला त्यांचे नाव आहे. परंतु ते कोण होते हे आपल्याच मंडळ्यांतील पुष्कळ तरुणांना ठाऊक नाही.

त्यांची वर चढण्याची वाट लांबलचक होती. १९३४–३५ च्या हंगामात ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. १९३९–४० मध्ये पुणे येथे महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. आज असा खेळ करणारा तरुण लगेच देशाच्या संघात जाईल. हजाऱ्यांना मात्र पहिला कसोटी सामना १९४६ च्या जूनमध्ये लॉर्ड्स मैदानावर मिळाला. तेव्हा त्यांचे वय ३१ होते. मध्यंतरी महायुद्ध झाले. १९३६ नंतर दहा वर्षे भारताचा एकही कसोटी सामना झाला नव्हता. ज्या वयात खेळाडूचे अंग सर्वांत चपळ असते ती वर्षे वाट पाहण्यात गेली. त्या वर्षांत त्यांनी सराव सोडला नाही, एवढेच त्यांच्या हाती होते, आणि तेवढे त्यांनी केले.

त्या काळी क्रिकेटवर घर चालविणे सोपे नव्हते. खेळाडूला संस्थानिकांचा आश्रय शोधावा लागे, किंवा इंग्लंडच्या लीगमध्ये पगारी खेळाडू म्हणून उन्हाळा काढावा लागे. हजाऱ्यांनी दोन्ही केले.

१९४८ च्या जानेवारीत अॅडलेड येथे ब्रॅडमन यांच्या बलाढ्य संघापुढे त्यांनी एकाच सामन्यात ११६ आणि १४५ अशी दोन शतके काढली. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय होत. दुसऱ्या डावात त्यांच्या सहा सोबत्यांना एकही धाव काढता आली नाही. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात लीड्स येथे भारताचे पहिले चार गडी एकही धाव न होता गेले, तेव्हा कर्णधार हजारे खेळावयास आले आणि त्यांनी ५६ धावा केल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रास येथे त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला होता. ३० कसोटींत त्यांच्या २,१९२ धावा व ७ शतके झाली.

हे वाचताना आपली छाती थोडी फुगते, नाही का? आपला माणूस! तसे वाटणे अस्वाभाविक नाही. पण येथेच दोन गोष्टींचा विचार करावयास हवा.

३. एकट्याचे यश नसते

पहिली गोष्ट. हजाऱ्यांना क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन गोलंदाजाचे मार्गदर्शन लाभले. ग्रिमेट यांचा जन्म १८९१ साली न्यूझीलंडमध्ये झाला. ते पाट्या रंगविण्याचे काम करीत. १९१४ मध्ये ते ऑस्ट्रेलियात आले आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात गेले, तरी कसोटी संघाचे दार उघडेना. १९२५ मध्ये पहिली कसोटी मिळाली तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. पुढे ३७ कसोटींत त्यांनी २१६ गडी बाद केले; कसोटीत दोनशे गडी बाद करणारे ते जगातील पहिले गोलंदाज ठरले. ज्याने स्वतः वाट पाहिली होती तोच वाट पाहणाऱ्याला गुरू म्हणून मिळाला. पौलही तीमथ्याला हेच सांगतो : जे तू माझ्यापासून शिकलास ते विश्वासू माणसांच्या हाती दे, म्हणजे ते पुढे दुसऱ्यांना शिकवतील (२ तीमथ्य २ : २).

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. मुंबईत तेव्हा धर्मवार संघांची पंचरंगी स्पर्धा होत असे. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपीय आणि पाचवा ‘द रेस्ट’, म्हणजे बाकीचे. ख्रिस्ती खेळाडू या ‘बाकीच्यांत’ असत. १९४३–४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावा केल्या. ‘बाकीच्यां’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या आणि त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या होत्या. पाचांतील चार धावा एका माणसाच्या! परंतु त्या डावात एक ३०० धावांची भागीदारी झाली, आणि तिच्यात दुसऱ्या टोकाला उभे होते त्यांचे धाकटे बंधू विवेक. विवेकच्या धावा किती? २१.

विवेक बाद झाले असते तर ३०९ झाल्या नसत्या. तरीही लोकांच्या स्मरणात ३०९ राहिल्या, २१ राहिल्या नाहीत. आणि सामन्याचा निकाल? ‘बाकीचे’ एक डाव ६१ धावांनी हरले.

तशीच १९४७ च्या मार्चमधील गोष्ट. बडोद्यास रणजी करंडकाचा अंतिम सामना इंदूरच्या होळकर संघाशी होता. बडोद्याचे ३ गडी ९१ धावांत गेले. मग हजारे व गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. हा विक्रम २००६ पर्यंत जगात कोणी मोडला नाही. देश फाळणीच्या तोंडावर होता, आणि एक ख्रिस्ती व एक मुसलमान एकमेकांच्या हाकेवर विश्वासाने धावत होते. आपण ‘आपला माणूस’ म्हणून अभिमान धरतो, तेव्हा दुसऱ्या टोकाच्या माणसाला विसरू नये.

४. ज्यांची निवड होत नाही

आता कठीण प्रश्न. मुलांना आपण सहज सांगतो, “मेहनत कर, प्रार्थना कर, देव तुला यश देईल.” हे वचन आपण कोणाच्या आधारावर देतो? हजाऱ्यांइतकेच घाम गाळणारे पुष्कळ तरुण असतील, ज्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. कोणाचा गुडघा निकामी झाला, कोणाला बाप गेल्यावर नोकरी धरावी लागली, कोणाकडे निवड समितीचे लक्ष गेले नाही. आपल्या वर्गातील मुलगा निवडीसाठी जातो आणि यादीत त्याचे नाव नसते, तेव्हा त्याने काय समजावे? आपली मेहनत कमी पडली? की प्रार्थना? की देवाने तोंड फिरविले? असा मुलगा पुढच्या रविवारी वर्गाला येत नाही, आणि का येत नाही हे आपण विचारीतही नाही.

पौलाने असे वचन कोठेही दिलेले नाही. शर्यतीत धावतात सगळे, बक्षीस एकालाच मिळते, हे तो उघड मान्य करतो. जगाची शर्यत अशीच आहे. ख्रिस्ताची शर्यत तशी नाही. तेथे एकाला मिळाले म्हणून दुसऱ्याचे जात नाही. शेवटी येणाऱ्यासाठीही मुगूट राखलेला आहे, कारण तो आपल्या पायांच्या बळावर जिंकलेला नसून ख्रिस्ताने मिळवून ठेवलेला आहे. प्रथम ख्रिस्ताने पौलाला धरले, म्हणून पौल पुढे धाव घेतो (फिलिप्पै ३ : १२). कृपा आधी, धाव नंतर. हा क्रम उलटला की सुवार्तेची केवळ मेहनतीची शिकवण होते, आणि हरलेल्या मुलाला सांगण्यासारखे आपल्याजवळ काही उरत नाही.

५. पौलाच्या म्हणण्याचा रोख

मग पौल एवढ्या कडक संयमनाची गोष्ट का काढतो? उत्तर मागच्या वचनांत आहे. आठव्या अध्यायात मूर्तींना दाखविलेल्या मांसाचा वाद आहे. नवव्यात पौल आपल्या हक्कांविषयी बोलतो. सेवेबद्दल निर्वाह मागण्याचा त्याला हक्क होता. तो त्याने सोडला. दुर्बलांसाठी तो दुर्बल झाला. हे सर्व सांगून झाल्यावर खेळाडूचे चित्र येते. म्हणजे हे संयमन स्वतःचे नाव वर काढण्यासाठी नाही. दुसऱ्याला अडखळण होऊ नये आणि कोणी तरी तारले जावे, यासाठी आहे. ग्रीक खेळांत दवंडी देणारा स्पर्धकांना बोलावी. पौल म्हणतो, इतरांना हाक देणारा मीच शेवटी बाद ठरू नये. ही भीती उपदेश करणाऱ्या आम्हा सर्वांनी बाळगावी अशी आहे.

खेळाडू बक्षिसासाठी मिठाई सोडतो. आपण भावासाठी काय सोडतो? मंडळीतील एखादे पद? कमिटीतील शेवटचा शब्द? जुने भांडण? पहाटे उठून मैदानावर जाणाऱ्या मुलाला आळशी म्हणता येणार नाही. त्याच्यापुढे आपल्या प्रार्थनेची शिस्त कशी दिसते?

६. शिक्षकांसाठी सूचना

पुष्कळ ठिकाणी सामने आणि निवड चाचण्या रविवारी सकाळीच असतात. शिक्षकांनी अशा मुलाला वर्गापुढे उभे करून बोलू नये. उपासनेचा दिवस पवित्र आहे हे त्याला प्रेमाने, आईबापांसमक्ष सांगावे. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या संध्याकाळी त्याला घरी बोलावून अर्धा तास पाठ घ्यावा. जो शिक्षक आपली संध्याकाळ देतो त्याचे म्हणणे मूल ऐकते.

जिंकून आलेल्या मुलाचे मंडळीत अभिनंदन करतो, तसे हरून आलेल्याच्या घरी जावे. उपदेश करू नये. बसावे, चहा घ्यावा, खेळ कसा झाला ते विचारावे.

मंडळीतील ‘२१ धावा’ वाल्यांची नावे वर्गात काढावी : घंटा वाजविणारे, सतरंज्या घालणारे, आजाऱ्याला डबा नेणाऱ्या भगिनी.

चर्चेसाठी प्रश्न
१) खेळाडू व ख्रिस्ती मनुष्य यांच्या बक्षिसांत पौल कोणता फरक दाखवितो?
२) “मेहनत कर, देव यश देईल” या म्हणण्यात खरे किती व अपुरे किती?
३) पौलाने कोणता हक्क सोडला, व कोणासाठी?
४) तुमच्या जीवनात दुसऱ्या टोकाला उभे राहिलेले कोण? त्यांचे आभार तुम्ही मानले आहेत का?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आम्हांला आधी धरलेस म्हणून आम्ही धावतो. आम्हांला आवरावयास शिकीव. जिंकणाऱ्यांना नम्र कर, हरणाऱ्यांना जवळ घे, आणि दुसऱ्याच्या डावासाठी उभे राहण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.