पावसाची वही

पुणे

चि. सोनूस,


कॉलेजात पायथन सुरू झालं, सरांनी ज्युपिटर नोटबुक उघडून दाखवलं आणि ‘आत्या, आता यात करायचं काय?’ असं तू फोनवर विचारलंस. पावसात पोलादपूरला रेंजचा भरवसा नसतो, आणि हे अर्धवट ऐकून भागण्यासारखंही नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. लॅपटॉप शेजारी ठेवून वाच.

शिकवण्यांमध्ये बहुतेक वेळा सुरुवातीला टायटॅनिक जहाजाचे प्रवासी नाहीतर आयरिस फुलांच्या पाकळ्या असतात. ती उदाहरणं वाईट नाहीत, पण तू त्यांच्यापासून सुरुवात करू नकोस. तिथलं उत्तर चुकलं तर चुकलं हे तुला कळणारच नाही. तू सावित्रीच्या खोऱ्यातला पाऊस घे. 2021 च्या जुलैत महाडच्या बाजारपेठेत पाणी कधी शिरलं, हे आजीला विचारलंस तर ती दिवस-वेळेसकट सांगेल. कॉम्प्युटरने काढलेलं उत्तर आजीच्या सांगण्याशी जुळलं नाही तर तू थांबशील आणि का जुळलं नाही ते शोधशील. या कामात शिकण्यासारखं बरंचसं त्या शोधण्यातच आहे.

आकडे मिळतात. कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावर महसूल मंडळांचा रोजचा पाऊस असतो. पोलादपूर आणि महाड तालुक्यांतली मंडळं घे, आणि महाबळेश्वर सोडू नकोस. सावित्रीचा उगम तिथला. घाट उतरून ती पोलादपूरवरून महाडला येते, वाटेत तिला इतर नद्या मिळतात आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला जाते. वर घाटमाथ्यावर काय कोसळलं हे पाहिल्याशिवाय महाडच्या पुराचा हिशेब लागत नाही. हे तुला कुणी पुस्तकातून सांगायला नको.

आता वहीबद्दल. नोटबुक म्हणजे एकाखाली एक सेल. काही सेलमध्ये कोड, काहींमध्ये साधा मजकूर. शिफ्ट धरून एंटर दाबलंस की तो सेल चालतो आणि उत्तर त्याच्या खालीच उमटतं. डावीकडच्या चौकटी कंसात तारा दिसतोय तोवर काम चालू आहे, आकडा आला की झालं. तो आकडा नीट बघायची सवय लाव. सेल कोणत्या क्रमाने चालले हे तो सांगतो, आणि तो क्रम पानावरच्या क्रमासारखा असेलच असं नाही. मागे कर्नल नावाचा एक प्रोग्रॅम चालू असतो. तू काय काय चालवलंस ते सगळं त्याच्या स्मरणात असतं, तुला दिसतं ते फक्त पान.

हे एका उदाहरणाने पक्कं कर. 23 जुलै 2021 च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांत महाबळेश्वरला सुमारे 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तू ठरवलंस की सेंटीमीटर करू, आणि पावसाच्या रकान्याला दहाने भागून तो त्याच रकान्यात परत ठेवलास. झाले 59.4. मग दुसरं काही दुरुस्त करताना तोच सेल पुन्हा चालला. झाले 5.94. कुठेही लाल अक्षरात चूक दाखवली जात नाही, आलेखही छान निघतो. फक्त खोऱ्यात हाहाकार उडवणारा पाऊस श्रावणातल्या एखाद्या बऱ्या दिवसाएवढा होऊन बसतो. म्हणून मूळ रकान्याला हात लावायचा नाही. बदललेला आकडा नव्या नावाच्या रकान्यात ठेवायचा, मग सेल दहादा चालला तरी बिघडत नाही. आणि ही नावं मराठीत ठेवलीस तरी चालतात. पायथन 3 ला ‘पाऊस’ हे नाव चालतं, तसंच ‘पाऊस_सेंमी’ही. सरांना चालत असेल तर जरूर ठेव.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हवामान खात्याच्या रोजच्या नोंदीत पाऊस मोजला जातो तो सकाळी साडेआठला, आणि आदल्या सकाळपासूनचा सगळा पाऊस त्या दिवसाच्या तारखेला लिहिला जातो. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली ती 22 जुलैला, दुपार उलटल्यावर. महाबळेश्वरचा तो 594 चा आकडा मात्र हवामान खात्याच्या तक्त्यात 23 जुलैपुढे असेल. ज्याला ही पद्धत माहीत नाही तो आलेख काढून सांगेल की दरड आधी आली आणि मोठा पाऊस दुसऱ्या दिवशी झाला. तुझ्या गावातला कुणीही ते ऐकून नकारार्थी मान हलवेल. तळियेची माणसं गेली, साखर सुतारवाडी आणि केवनाळ्याला त्याच पावसात दरडी आल्या. त्या दिवसांचा हिशेब करताना एका तारखेची चूकसुद्धा होऊ देऊ नकोस. वहीत कोडच्या आधी मजकुराचा सेल घाल आणि त्यात लिही: हे आकडे कुठून घेतले, कोणत्या दिवशी उतरवून घेतले, पाऊस किती वाजता मोजलेला आहे, मिलिमीटर आहेत की सेंटीमीटर. पुढचं सगळं काम या चार ओळींवर उभं आहे.

तक्ता उघडलास की लगेच सरासरी काढायला धावू नकोस. आधी वरच्या दहा आणि खालच्या दहा ओळी डोळ्यांनी वाच. रिकामे रकाने मोज. कोरडा दिवस आणि नोंदच न झालेला दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे नोंद चुकण्याची शक्यता नेमकी मोठ्या पावसात जास्त. वीज गेलेली, रस्ता बंद, मोजणार कोण? पायथनमध्ये तक्ते हाताळणारा पांडास सरासरी काढताना रिकामी जागा गुपचूप वगळतो. बेरीज करताना तर एखादा महिना पूर्ण रिकामा असला तरी शून्य असं उत्तर देतो. जुलैचा पाऊस शून्य! महाडचा माणूस ते मान्य करील का? अशी जागा दिसली की तिथे काही भरू नकोस, ‘नोंद नाही’ असं स्पष्ट लिही.

एखाद्या सरकारी तक्त्यात देवनागरी अंक असले तर पांडास तो रकाना मजकूर समजतो. घाबरू नकोस, पायथनला देवनागरी अंक कळतात, फक्त त्यांचं रूपांतर सांगून करून घ्यावं लागतं. आलेखावर मराठी लिहिलंस तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील, कारण आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या मूळच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. फॉन्ट बदलता येतो, पण जोडाक्षरं तरीही कधीकधी तुटतात. सुरुवातीला यात वेळ घालवू नकोस.

गूगलच्या कोलॅबवर काम करावं की स्वतःच्या लॅपटॉपवर, हेही तू विचारलं होतंस. कोलॅबला काहीच बसवावं लागत नाही, ब्राउझर पुरतो. पण तिथे तात्पुरत्या चढवलेल्या फायली सत्र संपलं की जातात, आणि नेट गेलं की काम ठप्प. पोलादपूरच्या पावसाळ्यात नेट जाणारच. तू महाडला कॉलेजचं नेट असताना ज्युपिटरलॅब उतरवून घे आणि घरी नेटशिवाय चालव. एक लक्षात ठेव: दुसऱ्या दिवशी वही उघडलीस की कालची उत्तरं पानावर दिसतात, पण कर्नलच्या स्मरणात काहीच नसतं. सेल पहिल्यापासून पुन्हा चालवावे लागतात.

म्हणून माझा एकच नियम पाळ. उठायच्या आधी ‘रीस्टार्ट’ करून सगळे सेल वरपासून खालपर्यंत चालव. मध्येच अडलं तर ते काम झालेलं नाही, मग आलेख कितीही देखणा असो. ब्राझील आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी गिटहबवरच्या साधारण 14 लाख वह्या गोळा करून तपासल्या. ज्या पुन्हा चालवून पाहता आल्या त्यांतल्या जेमतेम 24 टक्के न अडखळता शेवटपर्यंत गेल्या, आणि पहिल्यासारखंच उत्तर दिलं फक्त चार टक्क्यांनी. त्या लिहिणाऱ्यांतले कितीतरी जण तुझ्या-माझ्याहून जाणकार असतील.

याउलट नीट ठेवलेल्या वहीने काय होतं तेही सांगते. 2016 च्या फेब्रुवारीत लायगो या वेधशाळेने गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा आकडे आणि ते उलगडून दाखवणारी नोटबुकंही सगळ्यांसाठी खुली केली. अशा लहरी गोंगाटातून वेगळ्या काढण्याच्या पद्धतीवर इथे पुण्यात, आयुका या संस्थेत, संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी वर्षं आधी काम केलं होतं. लायगोची ती नोटबुकं आजही कुणीही विद्यार्थी उतरवून चालवू शकतो. पुढेमागे तूही चालवून बघ. पहिल्या वाचनात फारसं कळणार नाही, पण मजकूर आणि कोड एकमेकांना धरून कसे चालतात हे दिसेल.

एआयला विचारून कोड मिळतो, तो घ्यायला माझी हरकत नाही. मात्र प्रत्येक ओळ काय करते हे मजकुराच्या सेलमध्ये स्वतःच्या मराठीत लिही, आणि पाच दिवसांचा हिशेब कागदावर करून ताडून बघ. लिहिता आलं नाही तर ती ओळ वापरू नकोस.

पहिल्या वहीत एकच प्रश्न घे: महाबळेश्वरला मोठा पाऊस झाल्यावर महाड मंडळातही त्याच तारखेला तो दिसतो का, की कधी वरच पडतो आणि खाली नुसतं पाणी येतं? जून ते सप्टेंबरचे आकडे त्याला पुरे. हे जमलं की बाणकोटच्या भरती-ओहोटीच्या वेळा मिळवू. उधाणाच्या भरतीला खाडीत पाणी चढलेलं असताना वरून लोंढा आला तर तो महाडला तुंबतो, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. पाऊस आणि भरती शेजारी शेजारी मांडून ते तपासता येईल, पण त्यासाठी रोजचा पाऊस पुरणार नाही, तासातासाचा लागेल. तो कुठून मिळेल याची चौकशी मी इथे करते. तू तोवर पहिली वही कर आणि आकड्यांच्या फायलीसकट मला पाठव. मी ती माझ्या लॅपटॉपवर वरपासून चालवून बघेन.

आजीला नमस्कार सांग. वरंधा घाट बंद असला तर मी ताम्हिणीवरून गणपतीला येते.

तुझी,
आत्या