आपले स्नायू, आपल्याच बोटांखाली

साहित्य फार लागत नाही. मोठा आरसा, पाठ नसलेलं स्टूल, भुवया रेखायची पेन्सिल, बिनबाह्यांचा बनियन, अर्धी चड्डी आणि "आता दाब, आता सोड" हे तासभर निमूट ऐकणारं घरातलं एक माणूस. बॉलपेन घेऊ नका. त्याच्या रेघा लवकर जात नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुलासे करत बसावं लागतं.

मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवते. दरवर्षी मुलं तक्ता घोकून येतात: नाव, वरचं टोक, खालचं टोक, काम. "आता तुझ्या मांडीवर दाखव बघू" म्हटलं की हात गुडघ्याभोवती घुटमळतो. म्हणून मी चौथा रकाना झाकायला लावते. दोन्ही टोकांच्या खुणा अंगावर केल्या की काम पाठ करावं लागत नाही. स्नायूला एकच गोष्ट येते, आखडणं. तो ओढतो, ढकलत कधीच नाही. टोकं जवळ आली तर मधला सांधा कुठे वळेल, ते खुणा पाहूनच कळतं.

पद्धत सगळीकडे एकच. आधी दोन्ही टोकांची हाडं चाचपून खुणा करा. मग हालचाल करा. मग तीच हालचाल जोडीदाराला अडवायला सांगा. अडवल्याशिवाय स्नायू बोटाखाली नीट उभा राहत नाही. अडवताना ताकद बेताची, कुस्ती नको. शेवटी बोटांची पेरं स्नायूवर आडवी फिरवा, तंबोऱ्याच्या तारेवर फिरवावीत तशी, आणि सैल सोडून पुन्हा चाचपा. घट्ट आणि सैल यांतला फरक हाताला कळला की तो स्नायू सापडला. नखं कापलेली हवीत. मानेच्या दोन्ही बाजू एकदम दाबू नका, आणि जिथे नुकतीच दुखापत किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तो भाग सोडून द्या.

सुरुवात जबड्यापासून करा, म्हणजे हुरूप येतो. दाढा एकमेकींवर घट्ट दाबा. गालाच्या हाडाची कमान आणि जबड्याचा मागचा कोन यांच्यामध्ये टणक गोळा उठतो. वरचं टोक कवटीला, ती जागची हलत नाही. खालचं जबड्याला, तो वर येतो. ऊस सोलून खाताना दुखतो तो हाच.

आता मान, कारण इथे सगळेच एकदा फसतात. कानामागचा हाडाचा उंचवटा ही एक खूण. छातीच्या मधल्या हाडाचा वरचा काठ ही दुसरी, आणि त्याला लागून गळ्याच्या हाडाचा आतला भाग ही तिसरी. खाली या स्नायूला दोन मुळं असतात. आता तोंड उजवीकडे वळवायचं आणि उजव्या तळव्यानं उजवा जबडा अडवायचा. आरशात पाहा: दोरखंड उभा राहिला तो डाव्या बाजूला. मुलं म्हणतात, मॅडम, उलटं झालं. मी पेन्सिलीच्या खुणांकडे बोट दाखवते. डावा कान छातीच्या हाडाकडे ओढला गेला, तर चेहरा कुठे जाणार?

खांदा चटकन होतो. हात बाजूला वर उचला आणि अडवून घ्या. गळ्याच्या हाडाचा बाहेरचा भाग, खांद्याचं टोक आणि पाठीमागचा खवाटा, अशा तीन बाजूंनी आलेले तंतू दंडाच्या मध्याजवळ, बाहेरच्या अंगाला एका जागी गोळा होतात. लशीची सुई या मांसात देतात.

छातीसाठी नमस्कार करा. तळवे एकमेकांवर दाबा आणि जोडीदाराला काखेची पुढची कड चिमटीत धरायला सांगा. ती लाकडासारखी होते, कारण छातीच्या हाडापासून आणि फासळ्यांपासून निघालेला मोठा स्नायू दंडाच्या हाडाला आत ओढतो आहे. आता तळवे न सोडता बोटं एकमेकांत अडकवून हात बाहेर ओढा. तीच कड लगेच ढिली पडते. मागच्या कडेसाठी हात सरळ पुढे करून जोडीदाराच्या खांद्यावर ठेवा आणि खाली दाबा. तिथे कमरेपासून वर आलेला पाठीचा रुंद पडदा कडक होतो. मल्लखांबावर चढताना याच पडद्याची टोकं भूमिका बदलतात: हात खांबाला पक्का धरलेला असतो, म्हणून हाताऐवजी धड वर येतं. कोणतं टोक हलायचं हे स्नायू ठरवत नाही, अडलेलं काय आहे यावर ते ठरतं.

बेटकुळीला मात्र वेळ द्या. कोपर काटकोनात, तळवा वर, जोडीदाराचा हात मनगटाजवळ खाली दाबतो आहे. फुगलेला गोळा सगळ्यांना माहीत असतो. तो सोडून कोपराच्या घडीत बोट घाला. तिथे जाड दोरी लागते, ती या स्नायूची कंडरा. आता कोपर तसाच ठेवून तळवा हळूहळू खाली वळवा. दोरी आत बुडते. पुन्हा वर वळवा, दोरी बोटावर उसळते. ही कंडरा अंगठ्याकडच्या हाडाला, त्याच्या आतल्या बाजूला जोडलेली असते, आणि तळवा वळवताना तेच हाड स्वतःभोवती फिरतं. म्हणजे बेटकुळी हात नुसता दुमडत नाही, तळवा वरही वळवते. उजव्या हातानं स्क्रू पिळून घट्ट करताना दंड भरून येतो तो यामुळे. तोच स्क्रू त्याच हातानं सोडवायला गेलं की बेटकुळी मदतीला येत नाही, आणि मग आपण पेचकसाला दोष देतो.

आणखी एक गंमत. तळवा जमिनीकडे ठेवून कोपर दुमडा. बेटकुळी पूर्वीइतकी भरत नाही, तरी हात वर येतोच. तिच्या दोन्ही कडांना बोटं लावा. खालून दुसरा स्नायू दाटून आलेला लागेल. त्याचं खालचं टोक करंगळीकडच्या हाडाला आहे. ते हाड फिरत नाही, म्हणून तळवा कुठेही असला तरी याला फरक पडत नाही. दुमडण्याचं खरं ओझं हा उचलतो, कौतुक वरच्याचं होतं. दंडामागचा तीन मुळांचा स्नायू टेबलावर तळवा रेटला की सापडतो. तो कोपराच्या टोकाला जोडलेला आहे आणि हात सरळ करतो.

आता डाव्या हातानं उजव्या कोपराखालचा भाग मुठीत धरा आणि उजव्या हाताची बोटं पेटीवर नाचवावीत तशी नाचवा. हालचाल बोटांत, वळवळ मुठीत. बोटांच्या पेरांत स्नायू नसतोच. तिथे पोचतात त्या लांब कंडरा. मग अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवून मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या अगदी मधोमध बारीक दोरी उभी राहिली तर ती तळव्याच्या लांब स्नायूची. तिच्या अंगठ्याकडे आणखी एक जाड दोरी असते, तिला भुलू नका. एका वर्षी एक मुलगी वर्ग सुटल्यावर थांबली. मनगट पुढे करून म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे नाहीच. काही बिघडलंय का?" काही बिघडलेलं नव्हतं. पुस्तकांत साधारण १५ टक्के लोकांना हा स्नायू नसतो असं देतात. लोकसमूहागणिक आकडा बराच बदलतो. त्याच्यावाचून पकड काही कमी होत नाही. शल्यविशारद तर दुसरीकडची तुटलेली कंडरा जोडायला हीच काढून वापरतात. दुसऱ्या दिवशी ती मुलगी घरातल्या सगळ्यांची मनगटं तपासून आली होती. आईलाही नव्हता.

कमरेखाली उतरू. एका पायावर उभे राहा आणि दोन्ही तळवे कमरेच्या हाडाच्या कडेखाली, बाजूला ठेवा. टणक होते ती उभ्या पायाची बाजू, उचललेल्या पायाची नाही. उचललेल्या बाजूला कंबर खाली ढळू नये म्हणून उभ्या पायाकडचा स्नायू ती धरून ठेवतो. चालताना प्रत्येक पावलाला हेच चाललेलं असतं.

स्टुलावर बसा. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक, जिथे पट्टा टेकतो, तिथे खूण करा. दुसरी खूण गुडघ्याच्या आतल्या अंगाला, जरा खाली नडगीच्या हाडावर. दोन्ही तिरक्या रेघेनं जोडा. शरीरातला सर्वांत लांब स्नायू या वाटेनं जातो. चौथा रकाना अजून झाकलेला आहे. टोकं जवळ आणा: मांडी वर येते, बाहेर वळते, गुडघा दुमडतो. ही तर मांडी घालून बसायची रीत. लॅटिनमध्ये शिंप्यावरून याला सार्टोरियस म्हणतात, कारण तिकडे असं बसायचे ते शिंपी. आपल्याकडे नाव पडलं असतं तर पंगतीवरून पडलं असतं.

मांडीच्या पुढच्या चार स्नायूंसाठी जमिनीवर पाय लांब करून बसा, पाय सैल. गुडघ्याची वाटी चिमटीत धरून डावी-उजवीकडे सरकवा; ती सहज सरकते. आता गुडघा जमिनीकडे दाबा. वाटी खिळल्यासारखी होते. चारही स्नायूंची एकत्र कंडरा वाटीला कवेत घेऊन खाली नडगीच्या उंचवट्यावर उतरते. गुडघ्यामागच्या दोन दोऱ्या खुर्चीत बसून टाच मागे ओढताना लागतील. मधल्या खळग्यात मात्र खोल बोट घालू नका, तिथून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जातात.

शेवटी पोटरी. भिंतीला हात टेकून गुडघे ताठ ठेवून चवड्यांवर उभे राहा. वर दोन गोळे उठतात, रात्री ज्यांत वांब येतो ते. दोन्ही गोळे आणि त्यांच्याखालचा चपटा स्नायू मिळून जी जाड कंडरा होते ती टाचेला जोडलेली असते. तिला धोंडशीर म्हणतात. आता गुडघे वाकवून टाचा पुन्हा उचला. गोळे बरेच नरम लागतील, कारण त्यांची वरची टोकं गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाला आहेत आणि गुडघा वाकल्यानं त्यांना आधीच ढील मिळाली आहे. चपटा मात्र गुडघ्याखालीच सुरू होतो, तो कडकच. म्हणून पोटरीचा ताण काढायचा तर एकदा गुडघा ताठ ठेवून आणि एकदा वाकवून, असा दोनदा काढायला हवा.

पेन्सिलीच्या खुणा खोबरेल तेलानं पुसल्या की जातात. त्या पुसल्यावर जोडीदाराला स्टुलावर बसवा आणि यांतले पाच तरी त्याच्या अंगावर बिनखुणेचे शोधा. मानेपासून सुरुवात करा, आणि दोरी कुठल्या बाजूला उभी राहील हे त्यालाच आधी विचारा.