बुधवारचा गट

धुळे,
रविवार, संध्याकाळ

चि. बाळू,

तू पाठवलेला तक्ता मिळाला. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसत होती, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. जळगावचे आठ भाग, आठ गट, प्रत्येकाला पुढारी आणि सहपुढारी, बावन्न आठवड्यांचे विषय, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात ‘वर्षअखेर गट दुप्पट’. पिंप्राळ्यापासून मेहरूणपर्यंत एक वस्ती सुटलेली नाही. वाचताना तुझ्या बापाची आठवण झाली. तोही घरातल्या लग्नात पंगतींचा असाच तक्ता करायचा आणि मीठ आणायला विसरायचा.

रागावू नकोस. पाळकसाहेबांनी हे काम तुझ्यावर सोपवलं ते बरंच केलं. चौतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात नर्स होते आणि त्यातली वीस वर्षं आमच्या गल्लीतला बुधवारचा गट चालवला. त्यात जे शिकले ते बहुतेक चुका करूनच शिकले. म्हणून लिहायला बसले आहे.

तुझ्या तक्त्यात गट म्हणजे घरात भरणारी छोटी उपासना झाली आहे. दोन गाणी, शास्त्रवाचन, वीस मिनिटांचा संदेश, प्रार्थना, आशीर्वाद. हे सगळं रविवारी होतंच की. मग बुधवारी पुन्हा कशाला माणसांना बाहेर काढायचं? आमच्या मंडळीत एक गृहस्थ होते. मागून दुसऱ्या बाकावर बसायचे, कुणाशी फार बोलायचे नाहीत. ते पाच रविवार आले नाहीत. दीडशे-दोनशे माणसांत एक माणूस कमी झालेला कुणाला दिसतो? ज्याला दिसला त्याला वाटलं, गावी गेले असतील. खरी गोष्ट अशी होती की त्यांचं दालमिलमधलं काम सुटलं होतं, आणि अर्पणाची पिशवी समोरून जाताना हात रिकामा राहतो या लाजेने त्यांनी येणं बंद केलं होतं. हे मला कळलं ते त्यांची बायको रक्त तपासायला दवाखान्यात आली तेव्हा. अकरा जणांचा गट असता तर दुसऱ्या बुधवारी कुणीतरी त्यांच्या दारात उभं राहिलं असतं. गट असतो तो एवढ्यासाठी. कोण आलं ते रविवारीही दिसतं. कोण आलं नाही ते बुधवारी कळलं पाहिजे.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली नवी कल्पना नाही. जॉन वेस्लीचं नाव तुला माहीत आहे. 1742 साली ब्रिस्टलमध्ये त्याच्या लोकांवर सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. ते फेडायचं कसं, यावर बैठक बसली. एकाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांमागे एक माणूस नेमावा आणि त्याने घरोघर जाऊन ती गोळा करावी. नेमलेली माणसं पेनी मागायला गेली, तर कुठे नवरा-बायकोचं भांडण चाललेलं, कुठे दारू, कुठे आजारी पोर. पैशांच्या जोडीने ही खबरही वेस्लीकडे येऊ लागली, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. पुढे घरोघर फिरण्याऐवजी ते बारा जण आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले. म्हणजे बघ, वसुलीच्या निमित्ताने माणसं सापडली. आपल्याकडच्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. बचतगटात हप्ता भरायला कोण आलं नाही हे त्यांना पाच मिनिटांत कळतं, आणि का आलं नाही हे दहाव्या मिनिटाला.

मोशेचंही तसंच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसायचा. इथ्रोने सांगितलं, बाबा, असा मरशील, दहा-दहांवर माणसं नेम. सासऱ्याने सांगितलं आणि जावयाने ऐकलं, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता तुझ्याबद्दल. तुला बोलता छान येतं, आणि भीती मला त्याचीच आहे. वीस मिनिटांचा संदेश काढून टाक. एक उतारा वाच, एक प्रश्न विचार आणि गप्प बस. कुणी बोलणार नाही. तुझ्या जिवाची घालमेल होईल, वाटेल की आपणच काहीतरी बोलून टाकावं. अशा वेळी मी माझ्या मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायचे. चाळीस ठोके होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा नियम होता. बहुतेक वेळा तिसाव्या ठोक्याच्या आसपास कुणीतरी खाकरायचं.

आमच्याकडे एक म्हातारी यायची. भिंतीला टेकून, पदर डोक्यावरून घेऊन बसायची. सात-आठ महिने तिने तोंडातून अक्षर काढलं नाही. पाळकसाहेबांची प्रार्थना कशी असते, हे स्वर्गीय पित्या, तुझ्या अपार कृपेस्तव वगैरे. ते आपल्याला जमणार नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. एकदा उन्हाळ्यात लाइट गेली. आम्ही सगळे घराच्या धाब्यावर जाऊन बसलो. अंधारात कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं. माझं नाडी मोजणं चाललं होतं, आणि कोपऱ्यातून आवाज आला, “देवा, मना आंडोरले घर लई ये.” बस, एवढंच. मुलगा सुरतेला गेला होता आणि तीन वर्षं त्याचा पत्ता नव्हता, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आठ महिने आम्ही तिच्या शेजारी बसून शुद्ध मराठीत प्रार्थना करत होतो. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगितलं, ज्याने त्याने आपल्या घरच्या बोलीत बोलावं. अहिराणी, मावची, पावरी, जी असेल ती. देवाला दुभाष्या लागत नाही. तुझ्या पुढाऱ्यांनाही हे सांग, विशेषतः त्यांच्यातल्या दोन मास्तरांना.

आता जी गोष्ट सांगते ती मी तुझ्या बापालाही कधी सांगितली नाही. गटात एक तरुण बाई होती. एका बुधवारी तिने सगळ्यांसमोर नाही, नंतर भांडी विसळताना मला एकटीला सांगितलं की नवरा मारतो. प्रार्थना करा म्हणाली. मी केली. पण रविवारी उपासना सुटल्यावर महिला मंडळाच्या दोघींना बाजूला घेतलं आणि प्रार्थनेचा विषय म्हणून, तिचं नाव घेऊन, सांगितलं. मनात खरोखर तिचं भलंच होतं. आणि दुसरंही काही होतं, ते आज कबूल करते. आपल्याला आतली गोष्ट माहीत आहे, याचा एक गोड माज असतो. शुक्रवारपर्यंत गोष्ट तिच्या सासूच्या कानावर गेली होती. पुढे त्या घरात काय झालं असेल ते तू समज. मी माफी मागायला गेले, तिने दार उघडलं, पाण्याचा पेला आणून दिला, मी प्यायले, तिने तो पेला परत घेतला. बोलली नाही. त्यानंतर ती गटात आली नाही आणि मंडळीतही नाही. अजून कधी पाचकंदीलला भाजी घेताना दिसते. “बरं आहे ना सिस्टर?” एवढंच विचारते.

म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांग की इथलं बोलणं उंबऱ्याच्या आत राहील, पाळकसाहेबांनाही ज्याचं त्यानेच सांगायचं. कुणाच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही आधी त्या माणसाला सांगायचं की मी आता मदत बोलावते आहे. मी ते केलं नाही. डॉक्टर बोलवायचा सोडून बाजार बोलावला.

तक्त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडली, की गट वस्तीप्रमाणे पाडले आहेस. खानदेशातल्या मंडळ्या किती ठिकाणच्या पाण्याने भरल्या आहेत ते तुला ठाऊक आहे. भुसावळ-जळगाव-चाळीसगावकडे अलायन्स मिशनचं काम, नवापूर-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचं, त्यात रेल्वेमुळे आलेली कुटुंबं, नोकरीच्या निमित्ताने नगरहून आलेली. रविवारी सगळे एका छपराखाली, पण बाकं बघ, प्रत्येकाचं बाक ठरलेलं. घरातल्या सतरंजीवर बाकं नसतात. मग तळाला कंसात ‘विशेष विनंतीवरून’ म्हणून दोन कुटुंबं दुसऱ्या गटात का हलवली आहेस? विनंती काय असेल ते मी न विचारता सांगू शकते. त्यांना परत त्यांच्या वस्तीत घाल. रुसतील. रुसू दे.

वेळ सगळ्यांना सरसकट साडेसात ठेवू नकोस. एमआयडीसीवाल्यांच्या पाळ्या विचार, रेल्वेच्या रनिंग स्टाफला तर वारच नसतो. आणि फक्त चहा. आमच्याकडे एकीने समोसे केले, दुसरीने पुढच्या वेळी गुलाबजाम, आणि तिसरीची पाळी आली तेव्हा तिच्याकडे कुणीतरी आजारी पडलं. ते आजारपण मला नर्स असूनही ओळखता आलं नाही.

शेजाऱ्यांचं म्हणशील तर दार उघडं ठेव, माइक लावू नकोस, मोटारसायकली कुणाच्या फाटकासमोर लावू देऊ नकोस. हल्ली लोक पटकन शंका घेतात, आणि बंद दारामागे मोठमोठ्याने प्रार्थना ऐकू आली तर घेणारच. कुणी डोकावलं तर आत बोलव, चहा दे, आणि त्याची तक्त्यात नोंद करू नकोस. नोंद न करता आत बोलावणं कसं असतं ते बघ. तुझ्याच जळगावात 1907 साली कविसंमेलन भरलं होतं. धरणगावचा पोरसवदा ठोंबरे तिथे कविता म्हणून गेला आणि ‘बालकवी’ झाला. रेव्हरंड टिळकांनी त्या पोराला जवळ केलं, पुढे तो नगरला त्यांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्याच्याबद्दल किती जीव लावून लिहिलं आहे ते वाच, पुस्तक तुझ्याकडे आहे, माझंच आहे. 1918 साली भादलीला रेल्वेखाली सापडून तो गेला तोपर्यंत ख्रिस्ती झाला नव्हता. टिळकांनी त्याला जेवू घातलं ते काही उद्दिष्ट ठरवून नव्हे. आणि याच टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. म्हणून ते ‘गट दुप्पट’ खोडून टाक. पंधराच्या वर माणसं झाली की सतरंजी अपुरी पडेल आणि तुला आपोआप कळेल.

आठही गट एकदम सुरू करू नकोस. पहिला तुझ्याच घरी, एकच, पावसाळ्यापर्यंत. वही ठेवायची असेल तर ठेव, पण हजेरीची नको. जे आले नाहीत त्यांची नावं लिही आणि गुरुवारी त्यांच्याकडे जाऊन ये. फोन नाही, जाऊन.

सूनबाईंना सांग, बिबडे वाळवून ठेवले आहेत आणि कळण्याचं पीठही दळून आणलं आहे. पुढच्या बुधवारी दुपारच्या एसटीने निघते. पारोळ्याला गाडी किती थांबते त्यावर आहे, पण सहापर्यंत पोचेन. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, रिक्षा करीन. गटात मला पुढे बसवू नकोस आणि ओळख करून देऊ नकोस. भिंतीकडची जागा ठेव.

तुझी,
आत्या